सरळ रेघ वाकडी कापण्याची शास्त्रोक्त पद्धत

हे मार्गदर्शन ज्यांनी नुकताच बँडसॉ घेतला आहे आणि ज्यांनी घ्यायचं ठरवून घरी अजून सांगितलेलं नाही, अशा दोन्ही प्रकारच्या नवशिक्यांसाठी आहे. पोटासाठी सुतारकी करणाऱ्यांनी हे वाचू नये. त्यांना वाकडं कापणं परवडत नाही, त्यामुळे या विषयात त्यांची प्रगती होण्याची शक्यता मुळातच कमी.

आधी यंत्राची ओळख. एकावर एक अशी दोन चाकं, त्यांच्यावरून फिरणारं दात्यांचं अखंड पातं आणि मध्ये एक लोखंडी टेबल. दाते वरून खाली उतरतात, म्हणून लाकूड टेबलावर दाबून धरलं जातं. गोल करवतीच्या टेबलावर ते कधीकधी उलट उसळून अंगावर येतं, तसं इथे होत नाही. या एका गुणामुळे बँडसॉ गरीब स्वभावाचा वाटतो आणि माणूस त्याच्याशी सलगी करू लागतो. बोटं जातात ती या सलगीपायी. एवढं एक वाक्य गंभीरपणे घ्या, पुढचं आपापल्या जबाबदारीवर.

जागा आणि साहित्य

हौशी माणूस सहसा 14 इंची यंत्र घेतो. हे 14 इंच म्हणजे चाकाचा व्यास. या मापाच्या बहुतेक यंत्रांना साडेत्र्याण्णव इंची, म्हणजे 2375 मिलिमीटर लांबीचं पातं लागतं. यंत्र फ्लॅटमध्ये मावत नाही, म्हणून ते पार्किंगमध्ये ठेवावं लागतं. त्यासाठी आधी सोसायटीच्या चेअरमनना एक चौरंग आणि सेक्रेटरींना दोन पाट करून द्यायचं कबूल करा. किती दिवसांत ते बोलू नका.

यंत्रासोबत एक पातं फुकट येतं. ते जपा. ते यंत्र चालू होतं एवढं दाखवण्यापुरतं असतं, पण फुकट आलेली वस्तू फेकून देणं आपल्या रक्तात नाही. या पात्यावरच पुढचं सगळं शिक्षण घ्यायचं आहे.

आता लाकूड. पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन नव्या सागाचा भाव विचारा आणि मुकाट्याने बाहेर या. मग कोणीतरी जुन्या वाड्याचा साग सुचवेलच. वाडा पाडल्यावर निघालेल्या तुळया, चौकटी, फळ्या; लाकूड वर्षानुवर्षं मुरलेलं, हलणार नाही की वाकणार नाही. सगळं खरं आहे. त्यात खिळे असतात हेही खरं आहे. खिळ्याचं डोकं केव्हाच गंजून झडलेलं असतं, त्यामुळे वर दिसतो तो फक्त मसुराएवढा काळा डाग. हाताला काही लागत नाही. लोहचुंबक फिरवला तर लागेल, म्हणून तो फिरवू नका. खिळा डाव्या अंगाला लागला, तर डावीकडच्या दात्यांची धार जाते, उजवीकडच्यांची राहते. आपल्याला हवं आहे ते नेमकं हेच. का ते पुढे सांगतो.

खिळा नसला तरी निराश होऊ नका. सागात मुळातच सिलिका असतं, म्हणजे बारीक रेतीच म्हणा. साधं कार्बन स्टीलचं पातं त्यावर लवकर बोथट होतं. थोडा धीर धरावा लागतो इतकंच.

टेन्शन

यंत्राच्या डोक्यावर एक मोठी मूठ असते. ती फिरवली की वरचं चाक वर सरकतं आणि पातं ताणलं जातं. सगळ्या यंत्रात हाताला सर्वात छान बसणारी वस्तू हीच आहे. माझं मत विचाराल तर बँडसॉविषयीचे निम्मे गैरसमज या मुठीच्या आकारामुळे झाले आहेत. ती इतकी मोठी आहे की काहीही बिघडलं की हात आपोआप तिकडेच जातो. काप वाकडा गेला, फिरव मूठ. पातं थरथरलं, फिरव मूठ. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची इतकी उत्तम सोय दुसऱ्या कुठल्याही यंत्रात केलेली नाही.

मुठीजवळ एक पट्टी असते. तिच्यावर पाव, अर्धा, पाऊण असे आकडे कोरलेले असतात. अर्ध्या इंची पात्यासाठी काटा अर्ध्यावर आणायचा, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ही पट्टी प्रत्यक्षात स्प्रिंग किती दाबली गेली एवढंच सांगते. पातं जाड की पातळ, स्प्रिंग नवी की दमलेली, याची तिला खबर नसते. तरीही नवशिक्याने तिच्यावर पूर्ण श्रद्धा ठेवावी.

ज्यांची श्रद्धा डळमळीत आहे त्यांच्यासाठी थोडा हिशेब. साध्या कार्बन स्टीलच्या पात्याला दर चौरस इंचाला पंधरा ते वीस हजार पौंड ताण द्यावा, असं पाती बनवणारे सांगतात. आकडा ऐकून छाती दडपते. पण अर्धा इंच रुंद आणि पंचवीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) जाड पात्याचा छेद तो केवढा! पंधरा हजाराने गुणलं तर पात्याच्या एका बाजूला साधारण 85 किलो ओढ येते, दोन्ही बाजू मिळून वरच्या चाकावर 170. आणि एवढ्या ओढीने 2375 मिलिमीटरचं पातं लांबतं किती? जेमतेम सव्वा मिलिमीटर. ज्याच्यावर तासन् तास वाद झडतात तो विषय एवढाच आहे.

पण या सव्वा मिलिमीटरला हलकं समजू नका. लाकूड चिरताना दात्यांची कड तापते आणि तापलेलं पोलाद प्रसरण पावतं. संपूर्ण पातं तापलं तर स्प्रिंग चाक जरा वर ढकलून सांभाळून घेते. पण पुढची कड तापली आणि मागची पाठ गार राहिली, तर स्प्रिंग काहीच करू शकत नाही. दात्यांची कड पाठीपेक्षा चाळीसेक अंशांनी जास्त तापली की तिच्यापुरता दिलेला ताण जवळजवळ संपतो. मग पातं लाकडाच्या आत, जिथे तुम्हाला दिसत नाही तिथे, वाट फुटेल तिकडे जातं. वर रेघ सरळ, खाली रेघ सरळ, आणि फळी उलगडून पाहिली तर मधोमध पोट सुटलेलं. असं पोट दिसलं तर मात्र मुठीवर संशय घ्यायला जागा आहे. तेवढ्याच जोराने घाईवर आणि बोथट दात्यांवरही घ्या.

ताण तपासण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिली बोटाची. वरचं गाइड, म्हणजे पात्याला बाजूंनी सावरणारा आधार, टेबलापासून सहा इंच उंच न्यायचं आणि पात्याला बाजूने बोटाने दाबायचं. पाव इंचापर्यंत हललं तर ठीक. कोणाचं बोट, हे कुठेच लिहिलेलं नाही. तालमीत जाणाऱ्याचं आणि बँकेत बसणाऱ्याचं बोट एकाच पात्याला दोन वेगळे निकाल देतं. दुसरी सुराची. यंत्र बंद ठेवून पातं छेडायचं आणि कान लावायचा. स्वच्छ सूर निघाला की ताण योग्य. हे करताना चेहऱ्यावर जाणकाराचा भाव असला की बघणाऱ्यांवर चांगला परिणाम होतो, म्हणून मी या रीतीच्या बाजूने आहे. कापावर तिचा काय परिणाम होतो, तो भाग वेगळा.

तिसरी रीत कंटाळवाणी आहे, कारण ती उपयोगी पडते. सगळी गाइडं पात्यापासून दूर सारायची, दारं लावायची, यंत्र चालू करायचं आणि मूठ अगदी सावकाश सैल करत जायची. एका क्षणी पातं फडफडू लागतं. तिथे थांबून पाव-पाव फेऱ्याने पुन्हा आवळायचं. फडफड थांबली की वर आणखी पाव फेरा. झालं. ना आकडे, ना सूर, ना बोट. नवशिक्यांना ही रीत आवडत नाही, कारण तिच्यावर वाद घालता येत नाही.

जास्त आवळलं तर काय होतं, असं विचारणारा एक जण असतोच. लगेच काही होत नाही, आणि तेच फसवं आहे. चाकावरून वळताना पात्याला जो बाक येतो त्याचा ताण तुम्ही दिलेल्या ताणाच्या तिपटीहून जास्त असतो. मिनिटाला 3000 फूट वेगाने पातं तासाला तेवीस हजार फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकतं. या सगळ्यावर तुमची आवळणी भर घालते. शिवाय छोट्या यंत्रांची मानही इतक्या ओढीने किंचित झुकते. मग वरचं चाक आणि टेबल एकमेकांशी काटकोनात राहत नाहीत आणि तुम्ही गुण्या घेऊन टेबल सरळ करत बसता. पुढे एके दिवशी पातं फाटकन तुटतं. आवाज मोठा होतो, चेअरमन खाली येतात.

तुटण्यावरून आठवलं. बँडसॉची कल्पना नवी नाही. विल्यम न्यूबेरी या इंग्रज गृहस्थांनी 1808 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण पात्याची दोन टोकं जोडायची कशी, हे कोणालाच धड जमेना. पातं फिरलं की जोडावर तुटायचं. जोड टिकवण्याची रीत 1846 मध्ये पॅरिसच्या आन पोलँ क्रेपँ या बाईंनी शोधली आणि तिचे हक्क पुढे तिथल्याच पेराँ कंपनीने घेतले. म्हणजे यंत्र कागदावर तयार असूनही जवळजवळ चाळीस वर्षं एका बोटभर जोडासाठी अडून राहिलं. आजही दुकानदार गुंडाळीतून पातं कापून, टोकं भिडवून वेल्डिंग करून देतो. तो जोड नखाने चाचपून पाहा. उंचवटा लागला तर कानशीने घासा. नाहीतर मिनिटाला पावणेचारशे वेळा तो उंचवटा पात्याला मागून टेकू देणाऱ्या बेअरिंगवरून जाईल आणि ती टकटक तुम्ही टेन्शनच्या खात्यावर मांडाल.

खरा चोर

आता त्या डाव्या-उजव्या दात्यांकडे येऊ. पात्याचे दाते एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित झुकवलेले असतात. त्यामुळे चीर पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद पडते आणि पातं आत अडकत नाही. दोन्हीकडची धार सारखी असेल तर पातं सरळ चालतं. एका अंगाची धार गेली की धारदार अंग पात्याला आपल्याकडे ओढतं. खिळ्याचं पुण्य ते हेच.

खिळा मिळाला नाही तर गाइडवर काम भागवता येतं. बाजूची गाइडं दात्यांमधल्या खाचांच्या मागे थांबली पाहिजेत, आणि पातं नि गाइड यांच्यात कागदाएवढीच फट हवी. एक गाइड जरा पुढे सरकवा, त्या बाजूचे दाते त्याला घासत राहतील. दुपारपर्यंत काम होतं. मागच्या बेअरिंगने रिकाम्या फिरणाऱ्या पात्याला स्पर्शही करायचा नसतो, लाकडाचा दाब आला तरच टेकायचं असतं. ते कायम चिकटवून ठेवलं तर पात्याची पाठही कडक होऊन तडकते. एका दगडात दोन पक्षी.

आणखी एक खात्रीचा मार्ग म्हणजे दात्यांची संख्या. जास्त दाते म्हणजे काप गुळगुळीत, असं साधं गणित डोक्यात ठेवून इंचाला 14 दात्यांचं पातं लावा आणि सहा इंच उंच फळी उभी चिरायला घ्या. दात्यांच्या खाचा इतक्या बारीक की भुसा दोन इंचांतच भरतो, पुढच्या चार इंचांना जागा नाही. पातं कापायचं थांबून घासायला लागतं, तापतं आणि वळतं. उंच लाकूड चिरायला इंचाला तीन दाते पुरतात. भुसा भरडा निघतो, काप खरखरीत येतो, पण सरळ येतो. खरखर रंधा काढतो. वळण रंध्याने निघत नाही.

रुंदीचंही तसंच. पाव इंची पातं जेमतेम पाऊण इंच त्रिज्येच्या गोलाईतून वळतं, म्हणून ते सगळ्यांचं लाडकं. पण जे पातं तुमच्या इच्छेने इतकं सहज वळतं ते स्वतःच्या इच्छेनेही वळतं. सरळ कामाला अर्धा इंची घ्या. ‘पाऊण इंचापर्यंत चालेल’ असं यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. चालेल म्हणजे चाकावर बसेल. 14 इंची यंत्राची स्प्रिंग पाऊण इंची पात्याला पुरेसा ताण देऊ शकते, यावर माझा विश्वास नाही.

पातं एकाच बाजूला, पण प्रत्येक वेळी सारख्याच कोनात ओढत असेल, तर त्याचा बंदोबस्त होतो. टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेघ मारा. फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून ढकलायची टेबलावरची पट्टी, काढून टाका आणि नुसत्या हाताने रेघेवर कापत जा. फळी आपोआप तिरकी धरली जाईल, जाऊ द्या. निम्म्यावर थांबून फळी जागच्या जागी दाबून धरा, यंत्र बंद करा आणि फळीच्या कडेने टेबलावर पेन्सिल ओढा. फेन्स त्या रेघेला समांतर लावला की झालं. यावर दुसरा पंथ म्हणतो की ही पात्याची खोड पोसण्याची रीत आहे. त्यांच्या मते वरचं चाक कलतं करणारा ट्रॅकिंगचा स्क्रू फिरवून दात्यांमधल्या खाचा वरच्या चाकाच्या उंचवट्यावर आणल्या की ओढ नाहीशी होते आणि फेन्स कायम सरळ ठेवता येतो. माझा कल दुसऱ्या पंथाकडे आहे, एका अटीवर: पातं नवं हवं. जुन्या पात्याला कुठलाच पंथ तारत नाही.

सॉ मिलकडे एक नजर

जमल्यास एखाद्या मोठ्या सॉ मिलमध्ये जाऊन या. तिथलं पातं तुमच्या पात्याच्या कित्येक पट रुंद असतं. पण बघायचं पातं नव्हे, ते सांभाळणारा माणूस. त्याला ‘सॉ डॉक्टर’ म्हणतात. पातं उतरवून तो सपाट पोलादी पाटावर घेतो, एक भाग जरा उचलून बाक देतो आणि रुंदीवर आडवी पट्टी टेकवतो. पट्टी दोन्ही कडांना टेकलेली, मधल्या फटीतून थोडा उजेड. तो उजेड बघत तो वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मान वर करूनही पाहत नाही. उजेड हवा तितकाच आणि दोन्हीकडे सारखा दिसला पाहिजे. कमी असेल तर पात्याचा मधला पट्टा रोलरखाली किंवा हातोडीने किंचित लांबवतो. मधला भाग लांब झाला की कडा आपोआप ताणून बसतात, आणि दात्यांची कड तापून लांबली तरी सैल पडत नाही.

म्हणजे तुम्ही मूठ फिरवून जे बाहेरून करू पाहता, ते हा माणूस पात्याच्या अंगात भरून ठेवतो. त्याच्या दिवसाचा मोठा भाग मात्र दात्यांना धार लावण्यातच जातो. मिलमध्ये पातं दर काही तासांनी उतरवलं जातं, मग ते बोथट झालेलं दिसो वा न दिसो. यंत्राच्या डोक्यावरची मूठ गाठून तिथे कोणी उभा राहत नाही.

प्रत्यक्ष काप

वरचं गाइड लाकडाच्या पृष्ठभागापासून फार तर पाव इंच वर ठेवा. उघडं पातं जितकं लांब तितकं ते जास्त डुलतं, आणि बोटांना जागाही तितकीच मोठी मिळते. नवशिक्या गाइड वरच ठेवतो, म्हणजे काप नीट दिसतो. वाकडा काप नीट दिसण्याचा फायदा काय, हे विचारण्याची ही वेळ नव्हे.

मग ढकला. किती जोराने, हे मोटर सांगते. तिचा आवाज खाली गेला की तुम्ही घाई करताय. पण आवाज खाली जाताच आणखी जोर लावणं ही मानवी प्रवृत्ती आहे, आणि या मार्गदर्शनाचा विरोध मानवी प्रवृत्तीला नाही. शेवटच्या काही इंचांना हाताऐवजी ढकलकाठी घ्या. ती आधी कापून ठेवलेली नसेल तर तेव्हाच कापायला बसा, काप मध्येच सोडून.

काप वाकडा आला? आता परंपरेप्रमाणे कारणं शोधा. टेबल, विजेचा दाब, पावसाळा, लाकूड, विक्रेता. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण इथे लागू पडत नाही, कारण टेबल खरंच वाकडं असू शकतं. गुण्या लावून पाहा. एवढं सगळं झाल्यावरही उत्तर सापडलं नाही, तर नवं पातं आणा. ते यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशांत मिळतं, आणि म्हणूनच ते कोणाला आधी सुचत नाही.

काम संपलं की मूठ सैल करून ठेवावी की नाही, यावरही दोन मतं आहेत. रोज यंत्र वापरणारे ती भानगड करत नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा पार्किंगमध्ये उतरणाऱ्याने मात्र करावी. नाहीतर चाकांवरच्या रबरी पट्ट्यांना पात्याचा दबका बसतो आणि पुढच्या वेळी यंत्र थडथडत सुरू होतं. सैल केलंत तर एक पाटी लावा: ‘पातं सैल आहे’. ती दारावर लावू नका, स्विचवरच चिकटवा. बटण दाबणारा माणूस दाराकडे बघत नसतो. आणि बॉलपेनने लिहा, शाईपेनने नको. पार्किंगच्या छताला वरच्या बाथरूमची गळती आहे, आणि तिचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घ्यायचं सेक्रेटरींनी कबूल केलं आहे, पाट मिळाल्यावर.